आमच्या विहिरीवरची सतरा नावं

१२ जाने., रवि.

सकाळपासून गाड्या. पुलापासून शाळेपर्यंत रांग. पुण्याच्या, सांगलीच्या, बेळगावच्या, एक तर पार नागपूरची. पिक्चर दिवाळीत आला, आता संक्रांत आली तरी लोक थांबेनात. आधी नदीचा घाट बघतात, मग गढीचा दरवाजा, आणि शेवटी आमच्या वस्तीत विहिरीवर. पिक्चरमधली हिरॉईन शेवटी ह्या विहिरीत उडी टाकते, म्हणून.

दु. दोनला दारात धुणं वाळत घालत होते. एक बाई आली. "मावशी, त्या चादरी जरा काढता का? फोटोत मागं दिसतात." म्हटलं, "दिसू देत. चादरी आमच्या आहेत." तिचा नवरा तिला खुणावत होता, चल म्हणून. मी घरात जाऊन आणखी एक चादर आणली आणि दोरीवर टाकली. वाळलेलीच होती ती.

दिनकर आता गाईड झालाय. गेल्या साली उसाचा ट्रॅक्टर चालवत होता, आता डोक्यावर टोपी, हातात शिट्टी. विहिरीच्या काठावर उभा राहून ओरडतो, "हितंच राजाच्या लेकीनं जीव दिला. तीनशे वर्षं झाली!" तीनशे म्हणे. माझ्या सासऱ्यांनी खोदलेली विहीर. धम्म घेतला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. सतरा जणांनी मिळून खोदलेली.

त्या सतरांच्या नावांची दगडी पाटी काठावर होती. पिक्चरवाल्यांनी तिच्यावर प्लास्टर करून वर राजकन्येचं आणि तिच्या प्रियकराचं नाव कोरलं. जुनं दिसावं म्हणून काळा रंग फासला. आज बघितलं तर त्या खोट्या नावांवर हळदकुंकू. लाल दोरे बांधलेत. दोन बायका डोळे मिटून उभ्या होत्या.

१५ जाने., बुध.

पिक्चरच्या लोकेशनचं बघणाऱ्या साहेबाला फोन लावला. शूटिंगला रोज माझ्या घरात चहा प्यायचा, 'आई, आई' करायचा. चौथ्या वेळी उचलला. "कोण?" म्हणाला.

ओळख सांगितली. म्हटलं, शूटिंग संपलं की आठ दिवसांत प्लास्टर काढून देतो म्हणाला होतात.

"अहो आई, ते आता आयकॉनिक झालंय. लोक तेच बघायला येतात. राहू दे की."

"खाली आमच्या माणसांची नावं आहेत."

"मग उलट चांगलंय. खाली सेफ आहेत ना!"

हसला आणि ठेवला.

आमचंही चुकलंच. नळ आला तसं विहिरीकडे कोण बघत नव्हतं. पालापाचोळा, प्लास्टिक, वर बाभळ वाढलेली. पिक्चरवाल्यांनी गाळ काढला, काठ धुतला, तेव्हा मलाच बरं वाटलं होतं. आणि ती सही... त्यावर नंतर लिहीन.

१९ जाने., रवि.

तुका आण्णा काठी टेकत विहिरीवर आले. ऐंशीला टेकलेत. विहीर खोदली त्या वेळी अकरा-बारा वर्षांचे होते, मातीच्या टोपल्या वर ओढायचे. आता त्या खोदणाऱ्यांतलं कोणी उरलं नाही, एवढे एकटेच.

गर्दीतून वाट काढत पाटीपाशी गेले, प्लास्टरवर तळवा टेकला. त्यांच्या वडलांचं, मसूतात्यांचं नाव दुसऱ्या ओळीत होतं. तिथंच हात ठेवला बरोबर.

दिनकर धावत आला. "आज्जा, हात नगा लावू. लोकांच्या भावना दुखावत्यात."

आण्णांनी हात काढला. माझ्याकडं बघून हसले. म्हणाले, "रत्ना, ऐकलंस का? हात लावू नगा म्हणतोय."

मला हसू आलं नाही. दिनकरला तोंडावर बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, वही चांगली आहे.

२१ जाने., मंगळ.

घरात सोनालीशी वाजलं. माझी सून. विहिरीपासून दहा पावलांवर तिची चहा-भज्यांची गाडी. दोन महिन्यांत जम बसवलाय, खोटं कशाला बोलू. पोरगी हुशार.

"आत्ती, तुम्ही प्लास्टर काढा म्हणताय. काढलं आणि माणसं यायची थांबली म्हंजे?"

"थांबली तर थांबली."

"तुमाला पेन्शन हाय. बावीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलीसा. मी परत उसाच्या लावणीला जाऊ काय? पायाला चिखल्या झालेल्या अजून गेल्या न्हाईत."

बरोबर होतं तिचं. पण त्यामुळं माझं चूक कसं ठरतं?

ती म्हणाली, "नावं खाली हायत की. कुठं जाणार हायत?" लोकेशनचा साहेब बोलला तेच.

मुलगा महेश इचलकरंजीहून ड्यूटी करून आला, दोघींची तोंडं बघितली, ताट उचलून ओसरीला गेला जेवायला.

२६ जाने., रवि.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा. सरपंच वहिनी खुर्चीवर. बोलत होते त्यांचे मालक, आबा. नेहमीचंच.

ठराव असा : विहिरीला ग्रॅनाइटचा कठडा. वस्तीच्या तोंडाला कमान. नाव 'प्रीतीची विहीर'. १६ फेब्रु.ला उद्घाटन, हिरॉईन स्वतः येणार. टाळ्या. लगेच शिट्ट्या.

मी उठले. "विहीर कुणाची?"

"गावाची," आबा म्हणाले.

"गावाची कधीपासनं? खोदली तवा वस्तीची हुती. गावातलं कोण तिचं पाणी पीत नव्हतं."

आबा मऊ आवाजात, "रत्नाक्का, जुनं कशाला उकरताय? आता गाव एक हाय."

"एक हाय तर नावं उघडी करा की. एका गावाला त्यात अडचण कसली?"

मग त्यांनी फायलीतनं कागद काढला. वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "पिक्चरवाल्यास्नी परवानगीचा कागद. ही सही कुणाची?"

"माझी."

हे लिहायचं राहिलं होतं. आता सगळ्या गावालाच कळलं तर वहीला काय लपवू. वस्तीत शिकलेली, नोकरी केलेली बाई म्हणून सगळ्यांनी मला पुढं केलं. कागदावर 'तात्पुरते बदल' असं होतं. वाचलं होतं मी. तात्पुरते वाचलं, बदल काय हे विचारलं नाही. मुंबईची माणसं आपल्या ओसरीवर बसलीत ह्याचंच कौतुक.

पण सभेत मान खाली घातली नाही. म्हटलं, "झाकायला दिली सही. पुसायला न्हाय दिली."

"झाकलं का पुसलं कुणाला ठावं? मुळात पाटी हुती कशावरनं? फोटो दावा. एक फोटो दावा रत्नाक्का, सोताच्या हातानं प्लास्टर काढतो."

टाळ्या पडल्या. आमच्या वस्तीतलेही दोघंतिघं वाजवत होते. बघून ठेवलेत.

तुका आण्णा मागच्या रांगेत उठून म्हणत होते, "फोटो कशाला? मी हाय की हितं!" माईक आबांच्या हातात. कुणाला ऐकू गेलं नाही.

२८ जाने., मंगळ.

दोन दिवस घरोघर. कुणाकडं फोटो नाही. होते, सगळ्यांकडे होते. वस्तीतलं प्रत्येक लग्न विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत लागायचं. पण महापुरात अल्बम गेले. घरात छातीएवढं पाणी होतं, माणसं काढायची का फोटो? पाणी उतरल्यावर अल्बम उघडले तर नुसता रंग, सगळी तोंडं एकमेकांत मिसळलेली.

खोट्या पाटीचे मात्र हजारो फोटो. माझ्याच मोबाईलमध्ये अकरा निघाले, पावण्यारावळ्यांनी कौतुकानं पाठवलेले.

३० जाने., गुरु.

कसब्या बावड्याला जाऊन आले. वन्सं तिथं राहतात, साखर कारखान्याच्या पलीकडं नव्या कॉलनीत. त्यांचं घर उंचावर, पूर आला नाही. त्यांना आठवलं, माझ्या लग्नाचा एक अल्बम त्यांच्याकडं आहे.

ट्रंकेच्या तळाला होता. पानं चिकटलेली. वन्संनी सुरीनं हळूहळू सोडवली. आठव्या पानावर विहीर! काठ, रहाट, आणि पाटी.

पाटीच्या पुढं मी. हिरवा शालू, मुंडावळ्या, नाकात नथ, आणि अख्खी पाटी माझ्यामागं. खांद्याच्या वरून तीन नावांची शेवटची अक्षरं दिसतात, कमरेजवळ एक 'कांबळे'. बाकी सगळं माझ्या पदराखाली.

वन्सं म्हणाल्या, "बाई गं, तूच आडवी आलीस की!" आणि दोघी हसलो. डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसलो. नंतर वन्संनी पिठलं-भाकरी केली.

फोटो पिशवीत घालून आणलाय. पाटी होती एवढं तरी दिसतं.

३१ जाने., शुक्र.

फोटो घेऊन आबांकडं. ओसरीवर सात-आठ जण बसलेले. आबांनी चष्मा लावून बघितला. शेजारच्याला दिला. तो पुढच्याला. माझ्या लग्नातला फोटो सगळ्या ओसरीवर फिरला.

"पाटी हाय खरं," आबा म्हणाले. "पण नावं कुठं दिसत्यात?"

"तुम्ही फोटो म्हणाला हुतासा. नावं नव्हे."

"आक्का, सोळा तारीख झाली की बगू. निवांत बगू. आता पाव्हणी येणार, चार पैसं गावाला मिळत्यात. तुमच्याच सुनंची गाडी चालती न्हवं का?"

"सोळा तारखेला तुम्ही वर ग्रॅनाइट बसवणार. मग काय बगणार?"

आबांनी चहा सांगितला. मी प्यायले नाही. उठले. चपला घालताना मागून कोणतरी म्हणालं, "म्हातारी लई तापलीया."

साठ वर्षांची बाई म्हातारी काय रे? सिंगल बेल मारून गाडी थांबवायची आणि तुमच्यासारख्यांना भर रस्त्यात उतरवायची मी.

२ फेब्रु., रवि.

दिवसभर तुका आण्णांकडं. त्यांनी नावं सांगितली, मी लिहून घेतली. चौदा एका दमात आली. कोण कुठं उभा असायचा, कोणाचा घाव कसा बसायचा, सगळ्यासकट. पंधरावं नाव जेवणानंतर. दोन राहिली. मग वस्तीत विचारत फिरले. एक वस्तीतल्या, कुरुंदवाडला दिलेल्या लेकीला फोनवर विचारून मिळालं. शेवटचं आण्णांना चार वाजता आठवलं, चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता. "भैरू! भैरू की गं!" ओरडलेच.

मी विचारलं, का खोदली, सुरुवात कशी झाली?

आण्णा म्हणाले, "गावच्या आडावर आमच्या आया घागरी घेऊन बसायच्या. कोण तरी वरनं वतंल तवा पाणी. 'वाढा हो' म्हणायचं. एकदा सकाळधरनं दुपार झाली, कोण वाढंना. माझी आई मोकळी घागर घिऊन आली आणि ती अंगणात आपटली. फुटली. बा म्हणाला, आता न्हाय म्हणायचं कुणाला 'वाढा'. दुसऱ्या दिशी कुदळ घिऊन गेला. एकटाच. संध्याकाळपातूर सतरा झाले."

हे सगळं लिहून घेतलंय. वेगळ्या कागदावर, चांगल्या अक्षरात.

७ फेब्रु., शुक्र.

ग्रा.पं.ला अर्ज देऊन पोच घेतली. सोबत नावांची यादी आणि आण्णांचा अंगठा. ग्रामसेवक म्हणाला वरिष्ठांकडं पाठवतो.

दुपारी ग्रॅनाइटच्या लाद्या आल्या. विहिरीजवळ उतरवल्या. लाल रंगाच्या, गुळगुळीत.

वरिष्ठांचं उत्तर यायच्या आधी लाद्या बसणार. एवढं कळायला एसटीत बावीस वर्षं लागत नाहीत.

८ फेब्रु., शनि.

ह्यांची पिशवी माळ्यावरून काढली. गवंडी होते. जाऊन सहा वर्षं झाली, हत्यारं तशीच ठेवलेली. छिन्नी गंजली होती, दगडावर घासली. हातोडीचा दांडा चांगला आहे.

महेश म्हणाला, "आई, करायचंच असंल तर अंधारात कर. कोण बघणार न्हाय. सकाळी म्हणायचं, पडलं."

मी म्हटलं, चोर आहे का मी? उद्या रविवार, अकरा वाजता. सगळी गर्दी असताना.

९ फेब्रु., रवि.

केलं.

अकराला गेले. इरकली लुगडं नेसले, केस घट्ट बांधले. तुका आण्णा खुर्ची घेऊन आधीच येऊन बसलेले, हातात यादी. वाचता येत नाही त्यांना, पण धरली होती.

दिनकरचा ग्रुप उभा होता, वीसएक माणसं. त्यांना म्हटलं, "पावणं, जरा मागं सरा. डोळ्यात कपची जाईल." सरले सगळे. त्यांना वाटलं कार्यक्रमातलाच भाग आहे.

पहिला घाव घातला. राजकन्येचं नाव पडलं तसा आरडाओरडा.

"अहो, काय करताय? तिचं नाव आहे ते!" एक बाई रडायलाच लागली.

मी म्हटलं, "ती हिरॉईन मुंबईत घरी असंल, चहा पीत असंल. तिला काय झालेलं न्हाय. रडू नगा."

एकजण भावना, भावना करत पुढं आला. चांगला धटिंगण. माझा हात धरायला बघत होता. आण्णांनी बसल्या जागी काठी आडवी केली. "आधी मला उचल," म्हणाले. तो आण्णांकडं बघत उभा राहिला आणि मग मोबाईल काढून शूटिंग करायला लागला. सगळेच करत होते. करा म्हटलं.

सोनाली गाडीवर होती. गिऱ्हाईक सगळं इकडं आलेलं. तिनं स्टोव्ह बंद केला, तिथंच उभी राहिली. आली नाही.

अर्ध्या तासानं मोठा तुकडा सुटला. खालचा दगड दिसला. मी पदरानं पुसला.

आणि

उद्या लिहीन.

१० फेब्रु., सोम.

नावं फोडलेली आहेत.

प्लास्टर धरावं म्हणून त्या लोकांनी दगडावर छिन्नीनं घाव घालून घेतले होते. सगळीकडं, बोटबोट अंतरावर. देवीचे व्रण असावेत तसा दगड. सतरांतली सहा नावं वाचता येतात. सासऱ्यांच्या 'ज्ञानू'मधलं 'ज्ञा' राहिलंय. मसूतात्यांचं अख्खं गेलं.

आण्णा काल खुर्चीवरून उठले, वाकले, दुसऱ्या ओळीत बोट फिरवलं. एका खड्ड्यात बोटाचं टोक घातलं. "हितं हुतं," म्हणाले. परत म्हणाले, "हितं हुतं." मग मीच त्यांना घरी सोडून आले.

दोन महापूर ह्या दगडावरून गेले. अक्षर हललं नव्हतं.

सही माझी. कागद मी वाचला होता. रात्रभर तेच डोक्यात. पण सकाळी उठले तेव्हा रडू गेलं होतं आणि राग होता. बरं झालं. रागाला काहीतरी करता येतं.

११ फेब्रु., मंगळ.

पोलीस चौकीत बोलावलं. ग्रा.पं.ची तक्रार, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. साहेब तरुण, बोलायला नीट. खुर्ची दिली.

"तुम्ही तोडलं का?"

"व्हय."

"कबूल करताय?"

"कबूल काय साहेब, सगळ्या दुनियेनं व्हिडिओ बघितलाय. लिहा."

लिहिलं. मग म्हटलं, आता माझी तक्रार लिहा. सतरा माणसांनी खोदलेल्या विहिरीची पाटी फोडली.

"कुणाविरुद्ध?"

"पिक्चर कंपनी. आणि परवानगीच्या कागदावर सही करणारी बाई. तिचं नाव आधी घाला."

"नाव काय तिचं?"

मी माझं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मावशी, असं होत नाही."

"मग कसं होतं ते सांगा. मी बसते."

दोन तास बसले. शेवटी अर्ज घेतला, शिक्का मारून दिला. पुढं बोलावतील म्हणाले. बोलवा म्हटलं, माझ्याकडं वेळ आहे.

१२ फेब्रु., बुध.

आज पौर्णिमा. विहारात वंदना झाल्यावर आम्ही पाचसहा बायका विहिरीवर गेलो. सोनाली पण आली. चार दिवसांत पहिल्यांदाच माझ्याबरोबर.

तिनं माझी यादी घेतली आणि पाटीशी एकेक ओळ लावून बघितली. मग आण्णांना विचारलं, "आज्जा, सगळी बाप्यांचीच नावं. माती कुणी वाहिली?"

"बायकांनी."

"दगड?"

"खणीवरनं डोक्यावर. बायकांनीच. तुझी आजेसासू सातव्या म्हैन्यात हुती, तरी वहायची."

"मग त्यांची नावं?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षं वस्तीत नांदतेय, ह्या पाटीपुढं लग्नाचा फोटो काढून घेतला, आणि हे विचारायचं मला सुचलं नाही. उसाच्या लावणीला गेलेल्या पोरीला सुचलं.

सोनालीनं पोरीच्या दप्तरातला खडू आणला. आण्णा आठवून सांगत होते, ती पाटीखालच्या काठावर लिहीत होती. वेणू. चंद्रा. सखू. बाळाबाई. अक्षर तिरकं, पण ठळक. अंधार पडेपर्यंत अकरा झाली.

येताना म्हणाली, "आत्ती, गाडी चालू दे न्हाय तर न्हाय. बगू."

१४ फेब्रु., शुक्र.

आज प्रेमाचा दिवस म्हणे. जोडपी जास्त. पाटी बघून बुचकळ्यात. 'हेच का ते?' 'मग ते नाव कुठं गेलं?' काहीजण परत गेले. काही थांबले. एक जोडपं बेळगावचं, खडूची नावं वाचत होतं बराच वेळ. पोरीनं विचारलं ह्या कोण. सांगितलं. तिनं फोटो काढला, पण स्वतः मधी उभी राहिली नाही.

दु. दिनकर घरी आला. टोपी हातात. बसला नाही.

"आक्का, लोक विचारत्यात, राजकन्या खरी का ही खरी. मी काय सांगू?"

"तुला काय ठावं हाय?"

"माझी आजी म्हणायची, त्या विहिरीवर जायाचं न्हाय. का, ते सांगायची न्हाय." जमिनीकडं बघत होता. "कळत हुतंच की मला. कळत न्हवतं असं न्हाय."

मग म्हणाला, खरं काय ते सांगा, मी आता तेच सांगतो ग्रुपला.

मी म्हटलं, "न्हाय. तू घाट दाव, गढी दाव. हितलं आम्ही सांगणार."

तोंड उतरलं त्याचं. उतरू दे. उद्या शिट्टी मारून माझ्या सासूचं नाव ओरडायचा हा. पण जाताना चहा दिला.

१५ फेब्रु., शनि.

सकाळी आठला टेम्पो. तीन गवंडी, बाहेरगावचे. सिमेंट, वाळू, घमेली. पंचायतीचा शिपाई सांगत होता, उद्या पाव्हणी येणार, ग्रॅनाइट नंतर, आधी पाटी पिक्चरमध्ये होती तशी करायची, संध्याकाळपर्यंत. राजकन्येचं नाव कोरायला इचलकरंजीहून वेगळा माणूस येणार होता.

मी चहा अर्धा टाकून गेले. त्यांनी सिमेंट कालवायला घेतलं होतं. पाटीला पाठ लावून बसले, काठावरच.

मोठा गवंडी म्हणाला, "मावशी, उठा की. आमचं काम हाय."

"तुमचं चालू दे. मी बसलीया."

"अंगावर सिमेंट उडंल."

"उडू दे."

थोड्या वेळानं सोनाली आली. गाडीवर झाकण टाकून, कुलूप लावून. बाजूला बसली, खडूच्या नावांपुढं. मग शेजारची शांता. मग तिची सासू. मग बायका येतच राहिल्या, कुणी पोळपाट-लाटणं घेऊन आली, कुणी निवडायची मेथी. आण्णांची खुर्ची महेशनं आणून ठेवली, कामावर न जाता.

दहाला आबा. गाडीतून उतरले ते ओरडतच.

"रत्नाक्का, गावाची अब्रू घालवता काय? उद्या एवढी मोठी नटी येणार. तिच्यापुढं ह्यो भोकं पडलेला दगड दावू?"

"दावा. मी सांगते तिला, भोकं कुणी पाडली."

"पोलीस बोलवीन."

"चार दिसांमागंच भेटून आलीया. नंबर देऊ?"

बायका हसल्या. आबा लाल झाले. मग एकदम आवाज खाली आणला आणि माझ्यासमोर उकिडवे बसले, एवढा मोठा माणूस. "आक्का, तुमचं खरं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण उद्याचा एक दिवस. फकस्त एक दिवस झाकू. सोमवारी मी सोता काढतो."

मी त्यांच्याकडं बघितलं. खरंच काढले असते की काय कोण जाणे. वाईट माणूस नाही. पण तात्पुरतं हा शब्द मी एकदा वाचलाय आणि खाली सही केलीय.

म्हटलं, "न्हाय आबा."

ते उठले, गुडघे झाडले, गाडीत बसून गेले.

गवंड्यांनी दोनदा पाणी टाकून सिमेंट हलवलं. ऊन वाढलं. शांतानं त्यांनाही भाकरी दिली, खाल्ली बिचाऱ्यांनी. मोठा गवंडी ह्यांना ओळखत होता, एका कामावर बरोबर होते म्हणाला. मग तो पाटीखालची खडूची नावं वाचत बसला, एकेक, ओठ हलवत.

दुपारी तीनला त्यानं घमेल्यातली थापी ओढली. निघेना. सिमेंट थापीसकट घट्ट झालं होतं.

शिपायानं फोन लावला. ऐकून घेतलं. म्हणाला, उद्या सकाळी सातला नवा माल घेऊन येतो, पोलीस घेऊन येतो. पाव्हणी अकराला येणार.

मी साडेसहाला जाऊन बसणार आहे. सोनाली म्हणते सहाला.